रुचिबदल, किरणोपचारजन्य
डोके व मान यांच्या कर्करोगावरील किरणोपचारामुळे (पहा : किरणोपचार) चव मंदावणे, बदलणे किंवा नाहीशी होणे. जिभेवरील रुचिकलिकांतील पेशी (पहा : ज्ञानेंद्रिये) सुमारे 10 दिवसांत नव्या होतात, किरणांमुळे हे नवीकरण खुंटते. लाळग्रंथींना इजा होऊन लाळही घटते, त्यामुळे अन्नातील विरघळलेली द्रव्ये रुचिकलिकांपर्यंत नीट पोहोचत नाहीत. उपचाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, साधारण 20 ग्रे मात्रेच्या सुमारास, बदल जाणवू लागतो. अन्न बेचव, कडू वा धातूसारखे लागते; वरणभातही नकोसा होतो. खाणे व वजन घटत असल्याने आहारतज्ज्ञाचा सल्ला आरंभापासूनच आवश्यक असतो. तंबाखूमुळे मुखकर्करोगाचे (पहा : कर्करोग) प्रमाण मोठे असलेल्या भारतात या विकाराला विशेष महत्त्व आहे. बहुतेकांची चव काही महिने ते वर्षभरात परतते. काहींत दोष टिकून राहतो.