घर जाते ते आजारपणात : बाबासाहेबांनी घाव कुठे घातला?

गरिबाचे बिऱ्हाड रस्त्यावर येते, तेव्हा 'भाडे थकवले' असा ठपका त्याच्यावरच बसतो. पण भाडे थकते कशामुळे? अचानक आलेले आजारपण, बाळंतपण, कर्त्या माणसाचा मृत्यू. दोन-तीन महिने कमाई बंद, आणि घर गेले!

गिरणगावात हे रोजचे होते. जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. अडचणीला सावकार उभा, व्याज रुपयाला महिना एक आणा. म्हणजे वर्षाला ७५ टक्के! बाबासाहेबांचे कुटुंब परळच्या बीआयटी चाळीत वर्षानुवर्षे राहिले. हे जगणे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते.

म्हणूनच त्यांनी मुळावर घाव घातला. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. १९२९ साली कायदा झाला. बाळंतपणात बाईची मजुरी बुडू नये, हा त्यामागचा विचार. १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना त्यांच्याच खात्याने प्रा. अडारकरांकडून कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करून घेतली. तिच्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आजारी कामगाराला उपचार आणि पैसा, दोन्ही हक्काने. भीक म्हणून नव्हे!

भाडेकरूंच्या लढ्यांनीही कायदे मिळवले. आजचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सांगतो : थकबाकीसाठी मालकाने लेखी नोटीस दिल्यावर ९० दिवस दावा लावता येत नाही. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकलेले भाडे १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरले, पुढचे भाडे आणि दाव्याचा खर्च देत राहिले, तर त्या कारणाने घर खाली करता येत नाही.

पण मित्रांनो, मेख इथेच आहे. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला हे संरक्षण नाही. कंत्राटी कामगाराचा विमा कंत्राटदार भरतच नाही. आपली बहुतेक पोरे आज याच दोन फटींत अडकली आहेत.

मग करायचे काय? जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा वस्तीच्या संकट निधीत टाका. एका महिन्याचे भाडे वेळेवर भरले गेले तरी एक घर वाचते. नोटीस आली की घाबरून खोली सोडू नका, तारीख लिहून ठेवा, वकील गाठा. आणि विम्याच्या नोंदणीसाठी कंत्राटदाराला जाब विचारा. निधी आजची रात्र निभावेल; उद्याचे घर हक्कच वाचवतील.

जय भीम!