गोड गोळ्यांच्या दवाखान्यातली अँटिबायोटिक

"डॉक्टर, होमिओपॅथी चालू आहे. त्यावर तुमच्या गोळ्या चालतील ना?" हा प्रश्न माझ्या ओपीडीत आठवड्यातून एकदा तरी येतोच. परवा दिंडोरीकडच्या एका आजोबांनी मात्र वेगळाच घोळ घातला होता. त्यांच्या पिशवीत होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी दिलेली अँटिबायोटिकची स्ट्रिप होती. "ही होमिओपॅथीची आहे, हिला साइड इफेक्ट नसतो," असं समजून पाच दिवसांच्या गोळ्या त्यांनी मेडिकलमधून पुन्हा आणून दहा दिवस घेतल्या, आणि जुलाबाने हैराण होऊन माझ्याकडे आले.

आजोबांना हसू नका. हा घोळ त्यांनी एकट्याने घातलेला नाही. त्यामागे बराच जुना इतिहास आहे.

होमिओपॅथी सुरू केली सॅम्युएल हानेमान या जर्मन डॉक्टरने, अठराव्या शतकाच्या शेवटी. त्या काळी आमचे पूर्वसुरी रुग्णाचं रक्त काढत, पारा पाजत. रोगाने नाही तर उपचाराने माणूस जायचा. अशा वेळी ज्या औषधाने निदान अपाय तरी होत नाही, ते वरदानच वाटणार. १८५४ च्या लंडनमधल्या कॉलऱ्याच्या साथीत होमिओपॅथीच्या रुग्णालयात मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा कमी होतं, हे खरं आहे. पण त्याचं मोठं कारण बहुधा हे, की तिथे रुग्णाला पारा आणि जळवांचा मार सोसावा लागत नव्हता.

आता त्या गोळ्यांत असतं काय? बाटलीवर '३०' लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. मूळ औषधाचा एक भाग, त्यात ९९ भाग पाणी किंवा अल्कोहोल; त्यातला एक भाग घेऊन पुन्हा ९९ भाग; असं तीस वेळा. साधारण बाराव्या वेळेनंतर मूळ औषधाचा एकही रेणू उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. हानेमानचा मुख्य ग्रंथ १८१० चा. पदार्थात रेणू किती असतात याचा पहिला अंदाज आला १८६५ मध्ये. त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याला मात्र हे आता माहीत आहे. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. होमिओपॅथी गुणकारी असल्याचा विश्वासार्ह पुरावा कुठल्याही आजारात सापडला नाही. फ्रान्सने २०२१ पासून सरकारी विम्यातून या औषधांचे पैसे देणं बंद केलं.

आपल्याकडे १९७३ मध्ये केंद्राने होमिओपॅथीचा स्वतंत्र कायदा केला. कायद्याने मान्यता मिळणं आणि औषध प्रयोगात सिद्ध होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं लक्षात ठेवा.

आता आजोबांच्या स्ट्रिपकडे येऊ. १९९२ च्या जुलैत मुंबईत एका तरुण माणसाला ताप आला. होमिओपॅथीचा डिप्लोमा असलेल्या डॉक्टरांनी आधी व्हायरल, मग टायफॉइड समजून ॲलोपॅथीची औषधं दिली. तपासण्या झाल्या नाहीत. काही दिवसांतच तो गेला. त्याच्या पत्नीने दाद मागितली, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जी पद्धत आपण शिकलो नाही तिची औषधं देणं हाच निष्काळजीपणा. तीन लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मी तेव्हा नुकती प्रॅक्टिस सुरू केली होती. डॉक्टरमंडळींत या निकालाची चर्चा बरेच दिवस चालली.

मग २०१४ मध्ये महाराष्ट्राने कायदाच बदलला. फार्माकॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, म्हणजे सीसीएमपी, पूर्ण केलेल्या होमिओपॅथांना ॲलोपॅथीची औषधं लिहिण्याची वाट मोकळी झाली. हा अभ्यासक्रम आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाचा. आयएमए उच्च न्यायालयात गेली. या डॉक्टरांची मेडिकल कौन्सिलकडे नोंद करण्याचं ठरलं, तेव्हा १८ सप्टेंबर २०२५ ला राज्यभरातल्या डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला.

माझं मत विचाराल, तर एक वर्षात औषधांची नावं आणि डोस पाठ होतात. पण छातीत दुखणाऱ्या माणसाला नुसती ॲसिडिटीची गोळी कधी द्यायची नाही, हे वॉर्डात रात्री जागून कळतं. मात्र दुसरी बाजूही सांगायला हवी. सुरगाण्यात, पेठमध्ये रात्री ताप चढला, तर दार उघडणारा डॉक्टर अनेकदा बीएचएमएसच असतो. आम्ही एम.डी. मंडळी कॉलेज रोडवर एकमेकांना खेटून पाट्या लावून बसलोय. सरकारने ही फट कोर्सने बुजवली, म्हणून आम्ही संप करतो. स्वतः तिथे जायला मात्र आमच्यातले फार थोडे तयार असतात.

आणि गोड गोळ्यांनीच न्यूमोनिया बरा होत असता, तर हा कोर्स कशाला लागला असता, हा प्रश्न मी एका होमिओपॅथ मित्राला विचारला. तो हसला आणि म्हणाला, "पेशंट थांबत नाही रे."

आजोबांची अँटिबायोटिक बंद केली, ओआरएस दिलं, साखर आणि क्रिएटिनिन तपासून घेतलं. जाताना त्यांना त्या डॉक्टरांकडे विचारायला एकच प्रश्न लिहून दिला: "ही गोळी होमिओपॅथीची आहे की ॲलोपॅथीची, आणि किती दिवस घ्यायची?" तुम्हीही विचारा. मलाही विचारा.