फुग्यानं शिकवलेला ताबा

अमरावतीहून अकोल्याला एसटीनं जायला दोन-अडीच तास लागतात. एवढा वेळ निभेल का, या धास्तीनं माहेर, लग्नकार्य, देवदर्शन सगळं सोडून दिलेल्या बाया वऱ्हाडात आहेत. ‘समजतच नाही वं माय, अन् लुगडं खराब होते,’ एवढंच त्या जवळच्या बाईच्या कानात सांगतात. कुणाचा गुदद्वाराचा स्नायू बाळंतपणात फाटलेला असतो, कुणाचा भगंदराच्या शस्त्रक्रियेत दुखावलेला. कुणाच्या नसा मधुमेहानं बधिर झालेल्या. पुरुषांनाही मळ न आवरण्याचा हा त्रास होतो, ते तर तेवढंही बोलत नाहीत. यावर चिरफाड न करता करायचा एक उपाय आहे: बायोफीडबॅक. त्याचं नातं औषधापेक्षा तालमीशी जवळचं.

हा स्नायू आवळायची कसरत आपल्याला नवी नाही. गुदद्वार पुन्हा पुन्हा आवळून सैल सोडायचं, याला घेरंड संहितेत अश्विनी मुद्रा म्हटलं आहे. अडचण वेगळीच. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात 1914 पासून पोरं घडताहेत. मल्लखांबावर पाय चुकला की तो शिकवणाऱ्याला दिसतो. ही हालचाल मात्र ना शिकवणाऱ्याला दिसते, ना शिकणाऱ्याला. पुष्कळ जण भलतंच पोट किंवा मांड्या आवळत बसतात.

अशीच, पण योनीभोवतीच्या स्नायूंची हालचाल दिसावी यासाठी अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी 1948 च्या सुमारास एक साधन पुढे आणलं. योनीत ठेवायचा हवा भरलेला भाग नळीनं दाबमापकाला जोडलेला. बाईनं नेमका स्नायू आवळला की काटा हलायचा. शरीरातली हालचाल अशी दाखवून शिकवण्याला ‘बायोफीडबॅक’ हा शब्द रूढ झाला तो 1969 च्या आसपास. 1973 मध्ये कोलेनबर्ग यांनी 13 वर्षांच्या एका मुलाला गुदद्वाराचा दाब वाढवायला शिकवलं. पुढच्याच वर्षी एंगेल, निकूमनेश आणि शूस्टर यांनी सहा रुग्णांचा अनुभव छापला आणि या उपचाराचा पाया घातला गेला.

त्यांची रीत अशी. गुदाशयात एक फुगा ठेवून त्यात हवा भरायची. मळ आल्यासारखं वाटून आतला स्नायू आपोआप सैल पडतो. त्याच क्षणी बाहेरचा स्नायू आवळायचा. तो आवळला की नाही, हे त्या स्नायूपाशी ठेवलेल्या दुसऱ्या फुग्यावरचा दाब सांगतो आणि आलेखाची रेघ वर चढते. रुग्ण स्वतःच्या डोळ्यांनी ती पाहतो. मग हवा कमी कमी करत जातात, म्हणजे थोडक्या भरण्याचीही जाणीव होऊ लागते. शेवटी आलेख झाकतात आणि नुसत्या जाणिवेवर आवळायला लावतात. त्या सहांपैकी चौघांचा त्रास पूर्ण थांबला, दोघांना स्पष्ट उतार पडला.

नंतर यंत्राचीही परीक्षा झाली. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात 171 रुग्णांवर केलेल्या, 2003 साली छापलेल्या अभ्यासात नीट सल्ला मिळालेल्यांनाही यंत्रावर शिकलेल्यांइतकाच फायदा झाला. 2009 च्या अमेरिकी अभ्यासात मात्र नुसत्या सल्ल्यानं भागलं नाही असे 108 जण घेतले. तीन महिन्यांनी बायोफीडबॅकवाल्यांपैकी 76 टक्क्यांना पुरेसा आराम होता, नुसत्या व्यायामवाल्यांपैकी 41 टक्क्यांना. म्हणजे आधी खाणंपिणं, औषध, व्यायाम. एवढ्यानं भागलं नाही तर फुगा.

पण त्याआधी डॉक्टरांना कळायला हवं. दवाखान्यात ‘पोट बिघडते’ असं मोघम सांगितलं की जुलाब थांबवायची गोळी हाती पडते. माय, मावशी, काका, तिथं सरळ सांगा: ‘मले आवरत नाही.’