पैनगंगेचे दोन काठ, एकच सार्वभौम

कळमनुरी तालुक्याच्या कडेने पैनगंगा वाहते. पलीकडे पुसद-उमरखेडचा मुलूख, म्हणजे वऱ्हाड. १९३७ साली या दोन काठांवर 'प्रजा' या शब्दाचे अर्थ निराळे होते.

वऱ्हाडात त्या वर्षी निवडणुका होऊन विधानसभेला जबाबदार मंत्रिमंडळ आले; मताधिकार मर्यादित, तरी सरकारला जाब विचारता येत होता. अलीकडे कळमनुरी निजामाच्या परभणी जिल्ह्यात. येथे सभा घ्यायची तर १९२९ च्या 'गश्ती निशाण ५३' नुसार आधी परवानगी काढावी लागे.

मौज अशी की कायद्याने वऱ्हाडही निजामाचेच! १८५३ मध्ये ते कंपनीच्या ताब्यात गेले, १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आले. तरी १९३६ च्या कराराने तेथील निजामाचे सार्वभौमत्व मान्य झाले. छत्र एकच, हक्क मात्र नदीपाशी बदलत.

या राजवटीमागे केवळ दंडुका नव्हता, एक सिद्धान्तही होता. १९३९ च्या घटनात्मक सुधारणांमागची धारणा अशी: राजा स्वतःच प्रजेचे प्रतिनिधित्व करतो, निवडून येणारे येतात नि जातात, त्याचे नाते टिकाऊ. म्हणून ८५ सदस्यांच्या नियोजित विधिमंडळात निवडून येणारे केवळ ४२, तेही व्यवसायवार. हे ऐकून हॉब्जचा 'लेव्हायथन' (१६५१) आठवतो. पण हॉब्जचा सम्राट निदान लोकांच्या आपसांतील करारातून उभा राहतो. हैदराबादला तेवढीही गरज वाटली नाही.

इत्तेहादुल मुसलमीनच्या बहादूर यार जंग यांचे म्हणणे आणखी निराळे. 'अनल मलिक', सत्ताधीश मीच, असे राज्यातील प्रत्येक मुसलमानाने म्हणावे. निजाम त्या सत्तेचे प्रतीक. सार्वभौमत्व तख्तावरून खाली उतरले खरे, पण एकाच समाजाच्या दारी थांबले.

स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये स्थापनेआधीच बंदी आली. २४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला. तेव्हाची मागणी आज सौम्य वाटेल: आसफजाही छत्राखालीच जबाबदार राज्यपद्धती. तख्त राहू द्या, पण शासनाने लोकांना उत्तर द्यावे. शासन संमतीवर उभे असते, हा लॉकचा विचार यात दिसतो. एवढेही नाकारले गेले, म्हणूनच १९४७ मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली मागणी थेट भारतात विलीन होण्याची झाली.

त्या लढ्याचे एक सीमाकेंद्र उमरखेडला होते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाड्यातील कार्यकर्त्यांनी आसरा घेतला तो पैनगंगेपलीकडे, कालपरवापर्यंत कागदावर निजामाच्याच असलेल्या भूमीत.