मूळकूज व डिंक्या (संत्रा)

लिंबूवर्गीय फळझाडांचा, विशेषतः विदर्भातील नागपुरी संत्र्याचा घातक रोग. फायटोफ्थोरा या सूक्ष्मजीवाच्या निकोशियानी, पाल्मिव्होरा आदी जातींमुळे तो होतो. बागाईतदार याला बुरशी म्हणतात. प्रत्यक्षात हा जीव खऱ्या बुरशीपेक्षा तपकिरी शैवालांना जवळचा आहे. त्याचे बीजाणू पाण्यात पोहत मुळांपर्यंत पोहोचतात. त्यामुळे वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड पट्ट्यातील भारी काळ्या जमिनीत पावसाचे पाणी तुंबले की रोग झपाट्याने पसरतो.

आधी तंतुमुळे कुजतात. बोटाने ओढताच त्यांची साल निघते आणि आतला पांढरा दोरा तेवढा उरतो. वर पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, पाने व फळे गळतात. बुंध्याची साल तडकून डिंक वाहू लागतो, तोवर मुळांचे बरेच नुकसान होऊन गेलेले असते. साल बुंध्याभोवती सर्व बाजूंनी कुजली की झाड वाळते.

१८३०च्या दशकात अझोर बेटांवरील संत्राबागा या रोगाने उद्ध्वस्त झाल्या. त्यानंतर रोगाला दाद न देणाऱ्या खुंटावर कलम बांधण्याची पद्धत जगभर रुजली. विदर्भात रूढ असलेला जंबेरी खुंट मात्र रोगाला लवकर बळी पडतो. रंगपूर लिंबाचा खुंट तुलनेने सहनशील आहे. कलमाचा जोड जमिनीपासून २० ते २५ सेंटिमीटर उंच असावा आणि लागवडीत तो मातीत गाडला जाऊ नये. रोगट रोपवाटिकेतून आणलेले कलम रोग घेऊनच शेतात येते. निरोगी कलम पारखून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते.

पाणी बुंध्याला लागू नये म्हणून दुहेरी आळे करतात: आतल्या आळ्यात मातीची भर, बाहेरच्यात पाणी. ठिबकनेही हे साधते. ओळींमध्ये उताराच्या दिशेने चर काढतात. पावसाळ्यापूर्वी व नंतर बुंध्याला बोर्डोमलम (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर) लावतात. फोसेटिल किंवा मेटॅलॅक्सिलयुक्त औषधेही वापरली जातात, पण निचरा नसलेल्या बागेत ती देणे म्हणजे खर्च वाया घालवणे होय. मेलेले झाड मुळांसकट काढावे. त्याच खड्ड्यात लगेच नवे कलम लावू नये, कारण रोगाचे जाड भिंतीचे बीजाणू मातीत दीर्घकाळ जिवंत राहतात.