अकॉर्डियनची किंमत आणि कारागिराचा हात



कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने वाद्यावर बोलावे, ह्याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. मी वादक नाही. संगीतशास्त्राचे शिक्षणही मला मिळालेले नाही. परंतु वाद्य ही वस्तू आहे. ती कोणाच्या तरी हातून घडते आणि बाजारात विकली जाते. वस्तूची किंमत कशी ठरते, हा प्रश्न तर आम्हां चळवळीतल्या माणसांच्या रोजच्या परिचयाचा. अकॉर्डियनच्या इतिहासात त्याचे उत्तर मला फार स्वच्छ सापडले, म्हणून तो विषय आज आपल्यापुढे मांडतो.

पहिल्या प्रतीचे अकॉर्डियन आज दहा हजार युरोंच्या वर जाते. एवढी रक्कम मोजणारे गिऱ्हाईक तीन गोष्टी विचारते. माल अस्सल आहे काय? बिघडला तर दुरुस्त कोण करील? आणि उद्या विकण्याची पाळी आली तर मोल काय येईल? दर्जा, दुरुस्ती आणि फेरविक्री असे हे तीन प्रश्न होत. माझे म्हणणे एवढेच आहे की, हे तिन्ही प्रश्न मुळात एकच आहेत : हे वाद्य कोणत्या हातांनी घडविले, आणि त्या हातांची विद्या जाणणारे कोणी आज हयात आहे काय?

आरंभी हे प्रश्न कोणाच्या मनातही नव्हते. १८२९ साली व्हिएन्ना येथे सिरिल डेमियन ह्या वाद्यकाराने एका लहान पेटीचा पेटंट हक्क घेतला. एक पट्टी दाबली की अनेक सूर एकदम, म्हणजे एक 'कॉर्ड', वाजे. त्यावरून वाद्याला अकॉर्डियन हे नाव पडले. पुढे इटलीत आंकोना शहराजवळ कास्तेलफिदार्दो ह्या टेकडीवरच्या गावी पावलो सोप्रानी ह्या शेतकऱ्याच्या मुलाने १८६३ साली ही पेटी बनविण्यास सुरुवात केली. लोरेतोच्या तीर्थयात्रेहून परतणारा एक ऑस्ट्रियन यात्रेकरू सोप्रानींच्या घरी मुक्कामाला राहिला आणि जाताना आपली पेटी देऊन गेला, अशी आख्यायिका तिकडे सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, पहिले गिऱ्हाईक मात्र यात्रेकरू, शेतमजूर आणि जत्रेतले लोक हेच होते. वाद्य स्वस्त होते. ज्यांनी पोटासाठी देश सोडून अमेरिकेची वाट धरली, त्यांच्या गाठोड्यांतून ते समुद्रापार गेले.

किंमत वाढली ती वाद्याचे पोट भरत गेले तशी. हे पोट एकदा उघडून पाहिले पाहिजे. त्याचा प्राण म्हणजे रीड. धातूच्या पट्टीला चीर पाडलेली असते, आणि तिच्यावर पोलादाची पातळ जीभ एका टोकाला रिवेटने घट्ट बसविलेली असते. हवा आली की मोकळे टोक थरथरते आणि सूर निघतो. पूर्ण आकाराच्या अकॉर्डियनला उजव्या हाताखाली ४१ पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीमागे चार रीड, आणि भाता ओढताना एक जीभ व दाबताना दुसरी, असे धरले तर उजव्या बाजूलाच ३२८ जिभा झाल्या. डाव्या बाजूला बारा स्वरांचे पाच संच, म्हणजे आणखी १२०. एकूण ४४८ जिभा! त्यांतील प्रत्येक जीभ कोणीतरी कानसेने घासून सुरात आणलेली असते. टोकाशी घासले तर सूर चढतो, रिवेटजवळ घासले तर उतरतो.

ह्या रीडच्या तीन प्रती मानतात. पहिली हातची. दुसरी 'हातच्यासारखी', म्हणजे यंत्राने कापून चांगल्या रीतीने जुळविलेली. तिसरी साधी कारखानी. हातची रीड पोलादाच्या पट्टीतून कापतात. तिच्या जिभेच्या दोन्ही कडांना निळसर झाक दिसते. नुसत्या निळ्या कडेवर विसंबू नये, कारण झाकेची नक्कल करता येते. खरी परीक्षा हवेची. हातची रीड अगदी मंद श्वासालाही बोलते, आणि भाता जोराने ओढला तरी सूर सोडत नाही. जीभ आणि चीर ह्यांमधील फट जितकी बारीक तितकी हवा वाया कमी जाते. ती फट राखणे हे डोळ्याचे आणि बोटांचे काम आहे, आणि त्याला वर्षांची उमेदवारी लागते. तेव्हा दर्जा म्हणजे दुसरे काही नव्हे, साठवलेले श्रम.

ह्याचा पुरावा कारखानदारांनीच देऊन ठेवला आहे. जर्मनीत ट्रॉसिंगेन येथे मॅथियास होनर ह्या घड्याळजीने १८५७ साली माउथ ऑर्गनचा धंदा काढला, आणि पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या कारखान्याने अकॉर्डियनही हाती घेतले. प्रचंड उत्पादनाची शिस्त ह्या कारखान्याजवळ होती. परंतु पहिल्या प्रतीचे वाद्य काढायचे ठरले तेव्हा इटलीहून कारागीर आणावे लागले. १९२८ साली वेनान्त्सिओ मोरिनो आला. दुसऱ्या महायुद्धानंतर जोव्हानी गोला आला. कारखान्याची जी सर्वांत मोलाची वाद्ये, त्यांना ह्याच दोघांची नावे मिळाली : 'मोरिनो' आणि 'गोला'. मालकाचे नाव पाटीवर राहिले, पण जाणकार आजही जुने वाद्य शोधताना 'गोला आहे काय' असे विचारतो. कारागिराच्या नावाने फेरविक्रीचा भाव ठरावा, ह्याहून मोठा पुरावा तो कोणता?

आता उलट बाजू पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत अकॉर्डियनची लाट आली. शिकवणीचे वर्ग निघाले. तेथे मुलाला प्रथम बारा बटणांचे लहान वाद्य देत, मग अठ्ठेचाळीस, मग ऐंशी, आणि शेवटी एकशेवीस. प्रत्येक पायरीवर जुने परत घेऊन नवे गळ्यात घालायचे. फेरविक्रीचा बाजार असा उभा राहिला. मागणी इतकी वाढली की १९५३ साली कास्तेलफिदार्दो आणि आसपासच्या गावांतून जवळजवळ दोन लाख वाद्ये परदेशी गेली. घराघरांतून सुटे भाग होत. अनेक वाद्यांवर तर बनविणाऱ्याचे नावच नसे. परदेशी दुकानदार सांगेल ते नाव जाळीवर बसवून माल रवाना होई. एकाच छपराखाली उत्तम आणि सामान्य अशी दोन्ही वाद्ये बनत, आणि दोन्हींची चकाकी सारखीच.

त्यानंतर रॉक अँड रोल आले, गिटार आली, विजेवर चालणारा ऑर्गन आला. तरुणांची आवड पालटली आणि बाजार कोसळला. सेत्तिमिओ सोप्रानी, स्कांदाल्ली आणि फ्रोन्तालिनी ह्या तीन नामांकित पेढ्या १९४६ साली एकत्र येऊन 'फारफिसा' झाली होती. ह्या नावाचा विस्तारच 'अकॉर्डियनचे संयुक्त कारखाने' असा होता. ती फारफिसा १९६० नंतरच्या दशकात जगभर गाजली ती विजेच्या ऑर्गनसाठी! रीड घासणाऱ्या हातांना काम उरले नाही. अमेरिकेतल्या माळ्यांवर पेट्यांत बंद झालेली वाद्ये कवडीमोलाने निघू लागली.

आणि येथेच आपल्या प्रश्नाची कसोटी लागली. सगळ्याच वाद्यांची किंमत सारखी घसरली नाही. अनामिक वाद्ये, चकाकीच्या जोरावर खपलेली, मातीमोल झाली. हातच्या रीडची, चांगल्या सुताराने सांधलेली, ज्यांचे भाग पुन्हा घडविणारा कोणी जिवंत आहे अशी वाद्ये टिकली. कास्तेलफिदार्दोत थोड्या कार्यशाळा तग धरून राहिल्या. रीड बनविणारी बिंची, वोची आर्मोनिके अशी घरे राहिली. तेथे आज पूर्वीसारखी हजारो माणसे राबत नाहीत, पण विद्या बुडाली नाही. ती बुडाली असती तर उत्तमातले उत्तम जुने वाद्यही केवळ काचेच्या कपाटातली शोभा ठरले असते.

कारण दुरुस्तीवाचून अकॉर्डियन जगत नाही. रीडच्या पट्ट्या लाकडी ठोकळ्यांवर मेण आणि राळ ह्यांच्या मिश्रणाने बसविलेल्या असतात. काही दशकांत ते मेण सुकून ठिसूळ होते. बहुतेक जिभांच्या उलट बाजूस चामड्याची झडप असते. ती वाकते, मग फडफडते. भात्याच्या घड्यांतून हवा निसटू लागते. मेण पुन्हा घालणे, झडपा बदलणे, सूर लावणे हे एका कसबी माणसाचे कित्येक दिवसांचे काम आहे. स्वस्त म्हणून अडाणी हातात दिले तर तो कानस फिरवून जिभेचे पोलाद कायमचे उतरवितो. गेलेले पोलाद परत येत नाही. म्हणून जुने वाद्य घेणाऱ्याने सेल्युलॉइडची झळाळी पाहण्याआधी आतले ठोकळे काढून पाहावेत : मेण कसे आहे, जिभांवर गंज आहे काय, कानशीचे ओरखडे किती आहेत. नवे घेणाऱ्याने विचारावे की, वीस वर्षांनी हे कोण उघडील.

आपल्याकडे हा प्रश्न अधिकच अवघड आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गुडी सिरवई, केर्सी लॉर्ड आणि पुण्याचे एनॉक डॅनियल्स ह्यांनी हे वाद्य घराघरांत पोचविले. परंतु ते बनविणारे गाव आपल्या देशात कास्तेलफिदार्दोसारखे उभे राहिले नाही. आपल्या पावसाळी हवेत पोलादाच्या जिभा गंजतात, आणि उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवलेल्या वाद्याचे मेण मऊ पडते. आपल्याजवळ आहेत ते पेटी बनविणारे कारागीर. पेटी आणि अकॉर्डियन ही एकाच कुळातली भावंडे. पेटीची रीड पितळेच्या जिभेची, अकॉर्डियनची पोलादाची. पण कानस आणि कान तेच. सौराष्ट्रातील पालिताणा गाव ह्या रीडसाठी ख्यातनाम आहे. असे कसब ज्या हातांत आहे त्यांना आपण 'मिस्त्री' म्हणतो आणि मजुरीत घासाघीस करतो. लाखांचे वाद्य घेणारा माणूस दुकानदाराशी भांडत नाही. दुरुस्तीच्या चारशे रुपयांसाठी मिस्त्रीशी भांडतो.

हे शहाणपणाचे नाही, आणि मी हे दयेपोटी सांगत नाही. ज्या मिस्त्रीला पुरेशी मजुरी मिळत नाही त्याचा मुलगा ते काम शिकत नाही. तो शिकला नाही की तुमच्या वाद्याची किंमत त्याच दिवशी उतरली. तुम्हांला ती उतरल्याचे कळते विकायला काढाल तेव्हा. फेरविक्रीची हमी पाटीवर नसते, छापील कागदावरही नसते. ती उमेदवारी करणाऱ्या पोरात असते. तेव्हा वाद्य घेताना त्याच्या किमतीचा एक हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा, मिस्त्रीचे नाव विचारून घ्या, आणि त्याच्या हाताखाली कोणी शिकत आहे की नाही हेही पाहा. शिकत असेल तर खुशाल पैसे मोजा.