समोर कोण बसलंय? ओमाहाच्या एका दिवसाचा इतिहास

मागच्या आठवड्यात माझ्या मित्राचा मुलगा ऑफिसात आला. वय चोवीस. दोन वर्षं फोनवर ओमाहा पोकर खेळत होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा आला, ॲप बंद झालं. आता कुणीतरी बाहेरच्या साइटची लिंक दिलीय. मला म्हणाला, "काका, पैसे नकोत. फक्त एवढं शोधून द्या. समोरचा कसल्याही पत्त्यांवर घुसतो, दर डावाला वाढवत सुटतो, त्याच्याशी खेळायचं कसं? असल्या येड्यांमुळेच मी हरलो. नाहीतर खेळ येतो मला."

मंडळी, मी शोधलं. बातमीदाराची सवय, उत्तर शोधायला गेलो आणि इतिहास हाती लागला. तोच आज सांगतो. थोडं लांब आहे, पण घरात तरुण पोरगं आणि त्याच्या हातात फोन असेल तर वाचाच.

आधी खेळ समजून घेऊ. दिवाळीत तीन पत्ती आपण सगळ्यांनीच खेळलीय. एक मामा असतोच, जो पत्ते न बघता ब्लाइंडवर ब्लाइंड टाकत जातो आणि चांगले पत्ते असलेल्यांनाही पॅक करायला लावतो. ओमाहात असा मामा फार महाग पडतो. या खेळात प्रत्येकाच्या हातात चार पत्ते, टेबलावर सगळ्यांसाठी पाच उघडे. हातातले नेमके दोन आणि टेबलावरचे नेमके तीन घेऊन डाव लावायचा. चार पत्त्यांतून दोन-दोनच्या सहा जोड्या निघतात. म्हणजे समोरचा एक माणूस सहा हात घेऊन बसलाय असं समजा. म्हणून इथे बऱ्यापैकी पत्त्यांना फारशी किंमत नाही. कुणाकडे ना कुणाकडे त्याहून भारी निघतंच.

दुसरी गोष्ट, बोलीची मर्यादा. पॉटमध्ये जेवढे पैसे आहेत तेवढंच जास्तीत जास्त लावता येतं. ऐकायला सुरक्षित वाटतं ना? हिशोब करा. पॉटमध्ये १०० रुपये आहेत. एकाने १०० लावले, दुसऱ्याने तेवढेच टाकले, झाले ३००. पुढच्या फेरीत ९००. शेवटच्या फेरीत २,७००. तीन फेऱ्यांत सत्तावीस पट! म्हणून दर वेळी वाढवणारा माणूस समोर असला की साधा डावही बघताबघता डोंगराएवढा होतो.

आता २००९ सालात चला. फुल टिल्ट नावाच्या पोकर साइटवर त्या शरद ऋतूत 'इसिल्दूर१' या टोपणनावाचा एक खेळाडू उगवला. खरं नाव कुणालाच माहीत नाही. जगातल्या नावाजलेल्या खेळाडूंना तो एकेकटा भिडायचा, तेही एकाच वेळी अनेक टेबलं उघडून. टॉम ड्वान, फिल आयव्ही, पॅट्रिक अँटोनियस, कुणालाच नाही म्हणाला नाही. खेळायची पद्धत आपल्या मामासारखीच, सतत वाढवायचं आणि समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. फरक एवढाच की हा वेडा नव्हता. ड्वानकडून त्याने काही दिवसांत लाखो डॉलर काढले. जगभरचे लोक रात्र रात्र जागून त्याचे डाव बघत होते.

२१ नोव्हेंबरला अँटोनियसविरुद्ध ओमाहाच्या एकाच डावात पॉट गेला साडेतेरा लाख डॉलरच्या वर. तेव्हाच्या दराने सहा कोटींहून जास्त. ऑनलाइन पोकरमधला तोवरचा सगळ्यात मोठा पॉट. तो अँटोनियसने जिंकला.

मग आला ८ डिसेंबर. समोर ब्रायन हेस्टिंग्ज, कॉर्नेल विद्यापीठात शिकणारा २१ वर्षांचा मुलगा. खेळ ओमाहा. पाच तासांच्या आत इसिल्दूर१ सुमारे ४२ लाख डॉलर हरला. म्हणजे १९-२० कोटी रुपये, दुपारच्या जेवणापासून संध्याकाळच्या चहापर्यंत.

कसा हरला? पाच तासांत नशीबाचा वाटा असतोच, तो नाकारू नये. पण नंतर हेस्टिंग्जनेच एका मुलाखतीत सांगितलं की त्याने ब्रायन टाउनसेंड आणि कोल साउथ या दोन खेळाडूंबरोबर इसिल्दूर१ च्या खेळाचा अभ्यास केला होता. टाउनसेंडने त्याचे हजारो जुने डाव गोळा करून संगणकावर तपासले होते. यात इतरांनी खेळलेल्या डावांच्या नोंदीही होत्या, आणि ते साइटच्या नियमात बसत नव्हतं. टाउनसेंडने चूक कबूल केली आणि त्याचा 'प्रो' दर्जा एका महिन्यासाठी गेला. जिंकलेले पैसे मात्र जिंकलेलेच राहिले. म्हणजे त्या दिवशी टेबलावर माणसं दोन दिसत होती, पण एका बाजूला तिघांचा अभ्यास बसला होता.

आता पोराच्या प्रश्नाचं उत्तर. आडदांड खेळणाऱ्याविरुद्ध काय करायचं, यावर जाणकारांचं बऱ्यापैकी एकमत आहे. एक, शेवटी बोलायची जागा मिळेल तेव्हाच जास्त डाव खेळा. तो आधी बोलेल, तुम्हाला कळेल. दोन, सर्वात भारी होऊ शकतील असेच पत्ते घ्या. एक्क्याचा कलर करा, राणीचा नको. एकमेकांना लागून असलेले चार पत्ते चांगले, नुसती एक्क्यांची जोडी बघून हुरळून जाऊ नका. चांगल्या सलग पत्त्यांविरुद्ध ती जेमतेम साठ-चाळीसच्या आसपास असते. तीन, जो पॅकच करत नाही त्याला थापा मारू नका. भारी हात असला की त्यालाच वाढवू द्या. चार, गाठीशी एवढे पैसे हवेत की लागोपाठ कितीतरी मोठे डाव गेले तरी झोप उडणार नाही. कारण योग्य खेळूनही दहातले चार डाव जाणारच.

मी हे त्याला वाचून दाखवलं. तो खूश झाला. म्हणाला, "बघा, म्हणजे शिकता येतं!"

शिकता येतं, तीच तर अडचण आहे बाबा.

ही ॲप्स इतकी वर्षं जाहिरातीत काय सांगत होती? हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नाही. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटलं होतं. त्याचा आधार घेऊन सगळं दुकान चाललं. मी म्हणतो, धरून चालू की पोकर कौशल्याचा आहे. मग ज्याचं कौशल्य जास्त, त्याच्याकडे कमी कौशल्यवाल्याचे पैसे जाणार. कधी कधी नाही, सारखे जाणार. लॉटरीवाला निदान सगळ्यांना सारखंच लुटतो. इथे रात्री अकराला, कामावरून दमून आलेला आमचा पोरगा कुणासमोर बसतो? त्याला ते दिसत नाही. समोरचा 'येडा' वाटणारा माणूस सहा टेबलं उघडून, आकडेवारी लावून बसलेला असू शकतो. आणि दोघांपैकी कुणीही जिंको, पॉटमधला आपला कट साइट आधीच काढून घेते.

त्या इसिल्दूर१ चं पुढे काय झालं? जानेवारी २०११ मध्ये तो जगासमोर आला. व्हिक्टर ब्लॉम, स्वीडनचा. ते ४२ लाख डॉलर हरला तेव्हा त्याचं वय होतं १९. आणि साइटचं? एप्रिल २०११ मध्ये अमेरिकी सरकारने तिच्यावर कारवाई केली. तेव्हा कळलं की खेळाडूंच्या खात्यावर दिसणारे कोट्यवधी डॉलर साइटकडे नव्हतेच. ते परत मिळायला कित्येकांना वर्षं लागली. जिंकणाऱ्यांचेसुद्धा पैसे अडकले. आता विचार करा, लिंकवरून आलेल्या बिननावाच्या साइटवर काय होईल? तक्रार कुठे करणार, आमच्या पोलीस ठाण्यात?

आपल्याकडे २२ ऑगस्ट २०२५ ला नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. कायदा बरोबर की चूक यावर वाद घाला, मीही घालीन. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. म्हणजे हरलेल्या पोराने घरापासून लपवायचं कारण नाही.

शेवटी मी त्याला एकच विचारलं, "एकूण किती गेले?" बराच वेळ गप्प बसला. मग आकडा सांगितला. तो मी इथे लिहिणार नाही. बापाला माहीत नव्हता. परवा संध्याकाळी आम्ही तिघे बसलो आणि त्याने स्वतः सांगितला. बाप ओरडला नाही. नुसतं विचारलं, "व्याजाने घेतलेले किती?" तिथून हिशोब सुरू झालाय.

तुमच्या घरातही कुणी रात्री उशिरापर्यंत फोन उलटा धरून बसत असेल, तर ओरडू नका. किती गेले, एवढंच विचारा.